नागीण नव्हे, उष्णताही नव्हे : गुप्तांगावरचा हर्पीस समजून घ्या

बुरहानपूर : अंगावर फोड उठले की घरात दोनच शब्द निघतात, नागीण नाही तर उष्णता. तापीकाठच्या उन्हाळ्यात उष्णतेवर खापर फोडणे तर फारच सोपे. गुप्तांगावर बारीक फोड आले की सब्जा, गुलकंद, ताक सुरू होते. दोन-तीन आठवड्यांत फोड सुकतात आणि ‘बघा, उष्णताच होती’ असे पक्के होते. काही महिन्यांनी तेच फोड जवळपास त्याच जागी परत आले, की मग माणूस हादरतो.

हा बहुतेक वेळा जननेंद्रियाचा हर्पीस असतो. कारण आहे हर्पीस सिम्प्लेक्स नावाचा विषाणू. त्याचे दोन प्रकार. दुसरा प्रकार मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो. पहिला ओठांवर ‘ताप उतू जाण्याचे’ फोड आणतो, पण मुखसंबंधातून तो खालीही पोहोचतो. नागीण मात्र वेगळी. ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते, अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते. डॉक्टर तिलाही ‘हर्पीस झोस्टर’ म्हणतात, म्हणून चिठ्ठीवरचा शब्द वाचून गोंधळ होतो. (नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही भीतीही खोटीच.)

आजार दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार जगात १५ ते ४९ वयाच्या ८४.६ कोटी लोकांना जननेंद्रियाचा हर्पीस संसर्ग आहे, म्हणजे पाचात एकाहून जास्त. त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो.

पहिला झटका सर्वात जोराचा. संसर्गानंतर साधारण २ ते १२ दिवसांत मुंग्या, जळजळ, मग पाण्याने भरलेले बारीक फोडांचे घोस, ते फुटून दुखरे व्रण. ताप येतो, अंग मोडून येते, जांघेत अवधाण येते, लघवीला आग होते. नंतर विषाणू पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठीत जाऊन दडतो. ताप, थकवा, मानसिक ताण, पाळी असे काही निमित्त मिळाले की तो परत त्वचेवर येतो. पुढचे झटके हलके असतात आणि वर्षे जातील तसे सहसा कमी होतात.

भिंतीवर जाहिरात रंगवणाऱ्या ‘गुप्तरोग तज्ज्ञां’चे चांगभले होते ते इथेच. फोड काहीही न करता सुकतातच. त्या वेळी जी पुडी घेतली असेल, यश तिच्या नावावर जाते. प्रत्यक्षात विषाणू शरीरातून कायमचा काढणारे औषध आजवर कोणाकडेच नाही, त्यामुळे ‘मुळापासून बरा करतो’ म्हणणारा सरळ फसवतो. मेडिकलमधून आणलेले स्टिरॉइडचे मिश्र मलम तर आणखी घात करते.

औषध आहे, आणि स्वस्त आहे. असायक्लोव्हिरच्या गोळ्या पहिल्या झटक्यात साधारण ७ ते १० दिवस देतात. परत येणाऱ्या झटक्यात मुंग्या सुरू झाल्याबरोबर, पहिल्याच दिवशी सुरू केल्या तर फायदा जास्त. वारंवार त्रास होत असेल तर डॉक्टर रोजची गोळी काही महिने चालू ठेवतात. मात्रा त्यांनाच ठरवू द्यावी, विशेषतः मूत्रपिंडाचा त्रास असेल तर. घरी करण्यासारखे एवढेच : जागा स्वच्छ आणि कोरडी, सैल सुती कपडे, लघवी करताना वरून कोमट पाणी ओतले तर आग कमी होते. लघवी पूर्ण अडली, डोळ्यात फोड आला किंवा मान ताठरून डोके फुटायला लागले, तर थांबू नये.

सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी आणि औषध मोफत असते. ही राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातली सोय, म्हणून मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात नाव एकच. गावात कोणी ओळखेल म्हणून संकोच वाटत असेल, तर रावेर-भुसावळच्या बाजूला विचारायला हरकत नाही. १०९७ हा मोफत फोन नंबर दोन्हीकडून लागतो. तिथे सिफिलिस आणि एचआयव्हीची तपासणीही करून घ्यावी. सिफिलिसचा, म्हणजे जुनी माणसे जिला ‘गरमी’ म्हणत तिचा, व्रण बहुधा एकटा आणि न दुखणारा असतो, म्हणून दुर्लक्ष होते. तो मात्र पेनिसिलिनने पूर्ण बरा होतो. दुसऱ्या प्रकारच्या हर्पीसमुळे एचआयव्ही लागण्याचा धोका सुमारे तिपटीने वाढतो, हेही कारण आहेच.

खरी मोडतोड घरात होते. बायकोला फोड आले की नवऱ्याकडे, नवऱ्याला आले की बायकोकडे बोट. पण संसर्ग वर्षानुवर्षे गुपचूप राहून नंतर पहिल्यांदा दिसू शकतो. फोडांवरून तो कधी, कोणाकडून आला हे सांगता येत नाही. रक्ततपासणीही ते सांगत नाही. फोड असताना, मुंग्या येत असतानाही, संबंध टाळावा. फोड नसतानाही विषाणू पसरू शकतो. कंडोमने धोका कमी होतो, संपत नाही, कारण विषाणू न झाकलेल्या त्वचेवरही असतो.

गरोदर बाईने मात्र लाज बाजूला ठेवून आधीच सांगावे. शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदा संसर्ग झाला तर बाळाला धोका सर्वात जास्त, जुना असेल तर फारच कमी. कळा सुरू होताना फोड असतील तर डॉक्टर सिझेरियनचा निर्णय घेतात, आणि हे त्यांना बाळंतपणाच्या खोलीत नव्हे, त्याआधी कळलेले बरे.