युरोचा गुणाकार आणि घरखर्चाचा अजमास

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला आणि दहा हजार तरुणांना तिकडे पाठविण्याची योजना जाहीर झाली, तेव्हापासून भोर आणि वेल्हे या भागांतील ज्या घरांत आजवर फार तर मुंबईच्या नोकरीची चर्चा होई, त्या घरांतही त्या राज्याच्या राजधानीचे, श्टुटगार्टचे, नाव निघू लागले आहे. परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा केलेली मुलगी असो किंवा आयटीआयमधून वीजतंत्री होऊन शिरवळच्या कारखान्यात कंत्राटावर लागलेला मुलगा असो, त्यांच्या घरी खताच्या पावतीमागे जो पहिला हिशेब मांडला जातो तो बहुधा एकाच घाटाचा असतो: पगाराचा युरोतील आकडा घ्यावा, त्यास सोयीसाठी शंभराने गुणावे आणि आलेल्या रकमेतून इथला घरखर्च वजा करून राहील ती शिल्लक मानावी. या गुणाकारात लबाडी नाही. परंतु जमेची बाजू त्यात फुगते आणि खर्चाची बाजू भलत्याच मुलखातून उचललेली असते.

जमेपासून आरंभ करू. करारपत्रावर छापलेले वेतन कपातीपूर्वीचे असते, ही गोष्ट इथे दरमहा पगारपत्रक पाहणाऱ्यासही परदेशाचे नाव निघताच का कोण जाणे विसरावीशी वाटते. निवृत्तिवेतन, आजारपण, बेकारी आणि वार्धक्यातील शुश्रूषा या चार सक्तीच्या विम्यांपोटी अविवाहित व निरपत्य नोकरदाराच्या वेतनातून सुमारे २१ ते २२ टक्के रक्कम प्रथम वळती होते, जवळजवळ तितकाच भार मालकही उचलतो, आणि त्यानंतर प्राप्तिकराचा क्रम लागतो. म्हणजे ३,००० युरोंचा करार असेल तर हाती पडणारी रक्कम २,००० च्या थोडीशीच वर राहते. ही कपात निव्वळ बुडीत समजण्याचे मात्र कारण नाही, कारण जे आजारपण आपल्याकडे गोठ्यातील म्हैस विकायला लावते त्याचा बहुतेक खर्च तिकडे याच रकमेतून भागलेला असतो. विवाहितास कर कमी लागतो हे ऐकून कोणी निर्धास्त झाला असेल, तर त्याने एवढे ध्यानात घ्यावे की ती सवलत सामान्यतः पत्नी युरोपीय संघात राहत असेल तरच लागू होते. वेल्ह्यास सासूसासऱ्यांजवळ ठेवलेल्या पत्नीची त्या करदप्तरी दखल नाही.

दुसरा जो आकडा तोंडोतोंडी फिरतो तो ९९२ युरोंचा. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीस शिकावयास जाणाऱ्याने वर्षाच्या निर्वाहापोटी ११,९०४ युरो बंद खात्यात ठेवून दाखवावे लागतात व त्यांतून दरमहा ९९२ त्याच्या हाती सुटतात. यावरून, खुद्द त्या सरकारनेच तेथील मासिक खर्च ठरवून दिला आहे, असा समज पसरला आहे. वस्तुतः ती सरासरी नव्हे, परवान्यासाठी लागणारी किमान रक्कम आहे. तेथील सरकार स्वदेशीय विद्यार्थ्यास जे शिक्षणसाहाय्य देते त्याच्या कमाल मर्यादेवरून ती घेतलेली असून तिची फोड पाहिली की मर्म उलगडते: निर्वाहास ४७५, खोलीस ३८०, आजारपणाच्या विम्यास १०२ आणि शुश्रूषेच्या विम्यास ३५. श्टुटगार्टसारख्या महागड्या शहरात विद्यार्थी-वसतिगृहाबाहेर ३८० युरोंत खोली मिळविणे किती कठीण आहे, हे तेथे चार दिवस जाहिराती चाळणाऱ्यास कळते. शिवाय हा सारा हिशेब विद्यार्थ्याचा. नोकरीवर जाणाऱ्याने तो आपल्या अजमासास आधार म्हणून घेण्याचे प्रयोजनच नाही.

खरी गफलत होते ती घरभाड्यात. मुंबईस गेलेल्या पिढीने गावकीच्या खोलीत, गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने पथारी टाकून आणि खानावळीचा डबा लावून खर्च आटोक्यात ठेवला, आणि ‘आपली चार पोरे तिकडे एकत्र राहतील’ हा घरच्यांचा भरवसा त्याच आठवणीवर उभा असतो. जर्मनीत तसे साधत नाही. नव्या घरी राहावयास जाताच नगरपालिकेच्या कचेरीत नोंद करावी लागते, नोंदीस घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते, आणि नोंदीवाचून करक्रमांक मिळत नाही व बँकेचे खाते उघडणेही जिकिरीचे होते. तेव्हा गुपचूप वाढविलेली पथारी कामाची नाही. दोघातिघांनी रीतसर नावे घालून एक घर घेणे ही मात्र तेथील सर्वमान्य चाल आहे, आणि त्यात खरोखरच बचत होते. जाहिरातीत ठळक छापलेले भाडे बहुधा नुसत्या चार भिंतींचे असते. पाणी, कचरा, जिन्याची झाडलोट आणि मुख्य म्हणजे हिवाळ्यातील ऊब यांची आगाऊ रक्कम त्यावर चढते, वर्षाअखेर तिचा जमाखर्च होऊन कधी काही परत मिळते तर कधी भरणा करावा लागतो. आषाढातील गारठा घोंगडीखाली काढलेल्या माणसास वाटते की थंडीचे आपण पाहून घेऊ. तिकडच्या जानेवारीशी त्याची गाठ पडलेली नसते. वीज आणि इंटरनेट यांची देयके पुन्हा वेगळी. नभोवाणी-दूरचित्रवाणीची सार्वजनिक वर्गणी दरमहा १८.३६ युरो, ती घरात यंत्र असो वा नसो भरावीच लागते, मात्र माणशी नसून घरटी असते. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागण्याची मुभा मालकास कायद्याने आहे, ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्कही भाडेकरूस त्याच कायद्याने आहे, आणि हा दुसरा भाग नवख्यास कोणी सांगत नाही. कित्येक घरांत स्वयंपाकाचा ओटा, शेगडी, फडताळे यांपैकी काहीच नसते, कारण जुना भाडेकरू ती आपल्याबरोबर घेऊन गेलेला असतो. पहिला पगार महिनाअखेरीस यावयाचा, म्हणून पहिल्या दोन महिन्यांचा अजमास पुढील दहा महिन्यांपासून अलग मांडणेच शहाणपणाचे.

अन्नाविषयीची भीती तितकीशी खरी नाही. पीठ, दूध, बटाटे, अंडी पगाराच्या मानाने स्वस्त पडतात; महाग आहे तो माणसाचा हात. तासाचे किमान वेतन २०२५ मध्ये १२.८२ युरो होते व जानेवारी २०२६ पासून ते १३.९० झाले, त्यामुळे हजामत, नळदुरुस्ती किंवा हॉटेलातील एक जेवण यांचा दाम ऐकून नवखा चकित होतो. घरच्या तुपाची बरणी मात्र सामानात घालू नये, कारण दूध व मांस यांचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने नेण्यास मनाई आहे.

आधी गेलेल्या मित्राने सांगितलेला आकडाही तारीख विचारूनच घ्यावा. देशभर लोकल गाड्या व बस यांस चालणारा मासिक पास मे २०२३ मध्ये ४९ युरोंना निघाला, जानेवारी २०२५ मध्ये ५८ ला गेला आणि जानेवारी २०२६ पासून त्यास ६३ पडतात.

आता इथल्या बाजूकडे वळू, कारण तुलनेची मेख तिथेच आहे. वेल्ह्याच्या कुटुंबाचा महिन्याचा रोख खर्च थोडा दिसतो याचे कारण तेथे गरजा कमी आहेत हे नसून भात खाचरातला, घर वाडवडिलांचे आणि सरपण रानातले, यांची किंमत कोणत्याही वहीत चढत नाही, हे आहे. परक्या मुलखात यातील प्रत्येक वस्तूस दाम पडतो, म्हणून इथला रोख आकडा तिकडच्या खर्चाशी ताडून पाहणे व्यर्थ आहे. उलट मुलगा गेल्याने इथला रोख खर्च वाढतो, हे तर पावतीमागच्या त्या हिशेबात कधीच नसते. सावडीने होणाऱ्या भातलावणीत ज्या घरचा हात दुसऱ्याच्या खाचरात उतरतो त्याच घरास परतीचा हात मिळतो; तो हात श्टुटगार्टला गेला की म्हाताऱ्या आईबापांस लावणीपासून कापणी-झोडणीपर्यंत दर खेपेस रोख मजुरी मोजून माणसे आणावी लागतात, आणि ती मजुरी मुलाच्या परदेशाच्या हिशेबातच, खर्चाच्या बाजूस, लिहिली पाहिजे.