उथळ समुद्रातील अन्नजाल आणि समस्थानिकांची साक्ष

माशाचे पोट चिरून पाहिले असता त्याने नुकतेच काय खाल्ले एवढेच कळते; तेही पोट रिकामे नसेल तर. उलटपक्षी, त्याच्या स्नायूंत मागील कित्येक महिन्यांच्या आहाराची नोंद राहते. ही नोंद वाचण्याचे साधन म्हणजे स्थिर समस्थानिके होत. (एकाच मूलद्रव्याच्या भिन्न भारांच्या अणूंना आवर्त सारणीत एकच स्थान, १९१३ साली सॉडी यांनी रूढ केलेल्या ग्रीक संज्ञेचा हा मराठी पर्याय अगदी अन्वर्थक आहे.)

हवेतील नायट्रोजनमध्ये १५ भाराचे अणू सुमारे ०.३७ टक्के असतात. प्राणी हलका नायट्रोजन तुलनेने अधिक उत्सर्जित करतो. त्यामुळे भक्ष्यापेक्षा भक्षकाच्या शरीरात जड अणू वाढतात. ही वाढ दर पायरीस सरासरी हजारी ३.४ धरतात. कार्बनमधील वाढ अल्प असल्यामुळे तो पायरीपेक्षा अन्नाचा उगम अधिक सांगतो: तळाशी पोसलेल्या जीवांत जड कार्बन सामान्यतः अधिक, प्लवकांवर पोसलेल्यांत कमी.

खरी अडचण आरंभबिंदूची आहे. भूखंडमंचावरील पाणी उथळ, नद्यांच्या मुखांशी जोडलेले. तेथे वनस्पतिप्लवकांतील नायट्रोजनच स्थळोस्थळी बदलतो. समजा, एका माशाचे मूल्य १४.८ आले. तेथील शिंपल्याचे मूल्य ८ असेल, तर शिंपला दुसऱ्या पायरीवर धरून मासा चौथ्या पायरीवर येतो. शिंपल्याचे मूल्य ११.४ असेल, तर तोच आकडा तिसरी पायरी दाखवतो! म्हणून जेनिंग्ज आणि वॉर यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तर समुद्र व लगतच्या जलांतील गाळून खाणाऱ्या शिंपल्यांचे मापन केले. त्यांचे मूल्य पाण्याची खोली, क्षारता व तापमान यांनुसार बदलत असल्याचे आढळले.

ही दुरुस्ती किरकोळ नव्हे. पॉली प्रभृतींनी १९९८ साली जगातील मासेमारी अन्नजालाच्या खालच्या पायऱ्यांकडे सरकत असल्याचे प्रतिपादन केले, तेव्हा प्रत्येक जातीस एक ठराविक पायरी दिली होती. परंतु लहान कॉड कवचधारी जीव खातो, मोठा कॉड मासे खातो. उत्तर समुद्रातील समस्थानिकांचे मापन असे दाखवते की, तेथे पायरी ठरवण्यात जातीपेक्षा शरीराचा आकार अधिक निर्णायक आहे. तेव्हा मोठे मासे वेचून काढले, तर जातींची यादी तशीच राहूनही अन्नजाल खाली येऊ शकते. आणि पकडीच्या जातवार नोंदींत ते दिसणार नाही.