दमा व्यवस्थापनाची पुराव्याधारित मार्गदर्शक तत्त्वे : निर्मिती, अद्ययावतीकरण व ग्रामीण उपयोजन

प्रस्तावना :
दमा हा श्वसनमार्गाच्या दीर्घकालीन दाहाचा विकार होय. पूर्णा नदीवरील धरणामुळे परिचित असलेल्या येलदरीसारख्या (ता. जिंतूर, जि. परभणी) गावातील दम्याचा रुग्ण सामान्यतः प्रथम छातीरोगतज्ज्ञाकडे न जाता जवळच्या डॉक्टरांकडे जातो. त्या डॉक्टरांपर्यंत कोणते ज्ञान पोहोचले आहे, यावर उपचाराची दिशा अवलंबून असते. या दृष्टीने मार्गदर्शक तत्त्वांच्या निर्मितीचे व अद्ययावतीकरणाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

निर्मितीची प्रक्रिया :
प्रथम उपचारविषयक नेमके प्रश्न निश्चित केले जातात. त्यानंतर उपलब्ध संशोधनाचा पद्धतशीर शोध घेऊन त्याची विश्वासार्हता तपासली जाते. 'ग्रेड' पद्धतीत पुराव्याची उच्च, मध्यम, निम्न व अतिनिम्न अशी प्रतवारी करतात. शिफारस सबळ की सशर्त, हे ठरविताना लाभ, हानी, खर्च व रुग्णाची पसंती यांचाही विचार होतो. भारतात इंडियन चेस्ट सोसायटी व नॅशनल कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्स यांची संयुक्त तत्त्वे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली.

अद्ययावतीकरणाची आवश्यकता :
'जीना' या जागतिक उपक्रमाची स्थापना १९९३ मध्ये झाली. त्याचा पहिला अहवाल १९९५ मध्ये आला. सौम्य दम्यात गरजेपुरते सालब्युटामॉल घेण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. त्याने श्वासनलिकेचे आकुंचन तात्पुरते शिथिल होते; मूळ दाह मात्र कायम राहतो. आराम पडल्यामुळे रुग्ण दाहशामक औषधाकडे दुर्लक्ष करतो व तीव्र झटक्याचा धोका वाढतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सिग्मा' चाचण्यांपैकी एकीत, गरजेनुसार ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल घेणाऱ्यांमध्ये केवळ आरामदायी औषध घेणाऱ्यांच्या तुलनेत तीव्र झटके ६४ टक्क्यांनी कमी आढळले. २०१९ मध्ये 'जीना'ने प्रौढ व किशोरवयीन रुग्णांसाठी केवळ सालब्युटामॉलसारख्या औषधावर विसंबण्याची शिफारस मागे घेतली. २०१५ च्या भारतीय दस्तऐवजात या चाचण्यांचा समावेश होणे शक्य नव्हते. यावरून मार्गदर्शक तत्त्वे ही कालबद्ध असतात, हे स्पष्ट होते.

ग्रामीण उपयोजन :
शिफारस स्थानिक साधनांशी जुळली तरच ती उपयुक्त ठरते. स्पायरोमीटर नसेल तेथे अल्पखर्चाच्या पीक-फ्लो मीटरने निदानास साहाय्य होते. संयुक्त इनहेलर न मिळाल्यास सालब्युटामॉल घेताना प्रत्येक वेळी श्वासावाटे स्टेरॉइड घेण्याचा पर्याय 'जीना'ने दिला आहे. इनहेलरची सवय लागते हा गैरसमज दूर करणे, तो वापरण्याचे तंत्र प्रत्येक भेटीत तपासणे, चुलीचा धूर टाळण्याचा सल्ला देणे आणि झटका आल्यास काय करावे हे मराठीत लिहून देणे, ही कामे मोठ्या यंत्रसामग्रीवाचूनही होऊ शकतात.

निष्कर्ष :
मार्गदर्शक तत्त्वांचे मूल्य पुराव्याच्या गुणवत्तेइतकेच त्यांच्या नियमित फेरविचारावर अवलंबून असते. सुधारित शिफारस ग्रामीण डॉक्टरांपर्यंत सुबोध मराठीत पोहोचणे व संबंधित औषध तेथे उपलब्ध असणे, हा अद्ययावतीकरणाचाच अंतिम टप्पा मानला पाहिजे.