डोक्याला मुका मार
डोक्याला सौम्य मार लागल्यावर सीटी स्कॅन बहुधा निर्दोष येतो, तरीही मेंदूचे काम बिघडलेले असू शकते. धक्क्याने चेतातंतू ताणले जातात आणि पेशींचा ऊर्जापुरवठा काही काळ विस्कळीत होतो. शुद्धीची पातळी मोजणाऱ्या, १९७४ मध्ये मांडलेल्या ग्लासगो कोमा मापनात अशा रुग्णाला १५ पैकी १३ ते १५ गुण मिळतात. पुढे काही दिवस लक्ष टिकत नाही, विचार मंदावतो. बेरजेतला हातचा विसरतो, वाचलेला परिच्छेद पुन्हा वाचावा लागतो. चिडचिड, चिंता, उदासी, झोपमोड हेही आढळते. घरच्यांनी याला आळस किंवा नाटक समजू नये. एक-दोन दिवस विश्रांती घेऊन हळूहळू कामाला लागल्यास बहुतेक प्रौढ ३ महिन्यांत सावरतात. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा झटके आल्यास मात्र रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.