'स्मोक ऑन द वॉटर' : निर्मात्यांचा अदमास आणि श्रोत्यांचा कौल
'डीप पर्पल' या इंग्रज वाद्यवृंदाच्या 'मशीन हेड' (१९७२) या हार्ड रॉक संग्रहातून प्रथम सुटी तबकडी निघाली ती 'नेव्हर बिफोर' या गीताची. 'स्मोक ऑन द वॉटर' मागेच राहिले. ४ डिसेंबर १९७१ रोजी स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील कॅसिनो जळाला. सरोवरावर पसरलेला तो धूर हाच या गीताचा विषय. तथापि त्याचे सामर्थ्य शब्दांत नाही. रिची ब्लॅकमोरने गिटारीवर षड्ज-मध्यम अंतराच्या स्वरजोड्या बोटांनी एकत्र छेडल्या. त्यांच्या आवर्तनातच ते आहे. ही रचना इतकी सोपी आहे की नवशिक्यासही ती साधते, आणि हा दोष मानावा असे आम्हांस वाटत नाही. १९७३ साली अखेर तबकडी निघाली व अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' यादीत चौथ्या स्थानापर्यंत चढली. 'नेव्हर बिफोर' आज किती जणांस आठवते?