माळावरचा माशीमार

गावाबाहेरच्या रस्त्याने शाळेत जाताना तारेच्या कुंपणावर बसलेला एक काळा, चिमणीहून जरा लहान पक्षी तुम्ही नक्की पाहिला असेल. बसलेला असताना पंखावर पांढरी रेघ तेवढी दिसते. उडाला की पंखांवर आणि शेपटीच्या बुडाशी पांढरे लख्ख चमकते. जवळपास मातकट तपकिरी रंगाचा दुसरा पक्षी असतो. मुले हमखास त्यांना दोन निराळ्या जातींचे पक्षी समजतात. प्रत्यक्षात ते नर आणि मादी. मादीच्या शेपटीच्या बुडाशी विटकरी छटा असते, ती खूण लक्षात ठेवावी.

हा कवड्या गप्पीदास. शास्त्रीय नाव सॅक्सिकोला काप्राटा. लिनियसने १७६६ साली फिलिपाइन्समधील लुझोन बेटावरच्या पक्ष्यावरून ते दिले. 'कवड्या' म्हणजे काळापांढरा. 'गप्पीदास' हे मात्र इंग्रजी 'चॅट'चे भाषांतर दिसते. इंग्रजीत ते नाव बहुधा या पक्ष्यांच्या 'चक् चक्' आवाजावरून पडले असावे. गप्पांचा तेथे संबंध नाही. आमचा अनुभव असा, की तासन्‌तास गप्प बसण्यात याचा हात धरणारा पक्षी विरळा.

जुन्या पुस्तकांत गप्पीदास कस्तुराच्या गटात आढळेल. सिब्ली आणि आल्क्विस्ट यांनी डीएनएची तुलना करून १९९० साली पक्ष्यांचे नवे वर्गीकरण मांडले. त्यात गप्पीदास आणि त्याचे भाऊबंद माशीमारांना अधिक जवळचे ठरले, आणि पुढच्या अभ्यासांनीही तेच दाखवले. तेव्हा हाही माशीमारच, पण माळावरचा.

माशीमार म्हटले की झाडाच्या फांदीवरून झेपावून हवेतच माशी टिपणारा पक्षी डोळ्यांपुढे येतो. गप्पीदास हवेतला किडा अधूनमधून पकडतो, पण त्याची मुख्य शिकार जमिनीवर चालते. नाकतोडे, भुंगेरे, मुंग्या, अळ्या हे त्याचे खाणे. उंचवट्यावर बसायचे, खालच्या जमिनीवर नजर ठेवायची, हालचाल दिसली की खाली उतरून किडा उचलायचा आणि पुन्हा बैठकीवर यायचे. म्हणून त्याला दोन गोष्टी लागतात: एक बैठक आणि दिसेल अशी जमीन. बैठक बाभळीचे झुडूप, दगड, कुंपणाचा खांब, अगदी ज्वारीचे ताटही चालते.

'दिसेल अशी जमीन' म्हणजे काय, हे नववी-दहावीच्या मुलांना समरूप त्रिकोणांनी समजावता येते. पक्ष्याचा डोळा जमिनीपासून १ मीटर उंच आहे असे धरू. त्याच्यापासून ४ मीटरवर २० सेंटिमीटर उंचीचे गवताचे ठोंब आहे. त्या ठोंबामागची १ मीटर जमीन त्याला दिसणार नाही. गवत ५० सेंटिमीटर झाले तर ४ मीटर जमीन झाकली जाते. गवत अडीच पट वाढले, आडोसा चौपट! आता बैठक २ मीटरवर न्या. तेच २० सेंटिमीटरचे गवत फक्त ४४ सेंटिमीटर जमीन झाकते. मग पक्षी नेहमी उंचच का बसत नाही? कारण उंचावरून किडा लहान दिसतो, आणि खाली पोहोचेपर्यंत तो निसटण्याची शक्यता वाढते. मुलांना खांबाची आणि गवताची उंची मोजायला लावा, पक्षी कोठून किती वेळा उतरतो ते लिहायला लावा. गुरे चरून गेलेल्या किंवा नुकत्याच नांगरलेल्या रानात हा पक्षी का रमतो, ते मुलेच सांगतील.

वीण साधारण फेब्रुवारी ते ऑगस्ट. नर उंच जागी बसून छोटी, गोड शीळ घालतो. मादीपुढे शेपटीच्या बुडाची पांढरी पिसे फुलवून फडफडत उडतो. उघड्या रानात काळ्यावरचे ते पांढरे दुरूनही दिसते. मादीला मात्र दिसणे परवडणारे नाही, कारण अंडी तीच उबवते. घरटे बांधातल्या, ओढ्याच्या काठातल्या किंवा भिंतीतल्या भोकात असते. अंडी दोन ते पाच. बारा-तेरा दिवसांत पिले बाहेर येतात आणि मग दोघेही भरवतात. हिमालयाच्या पायथ्याकडे या घरट्यांत कुक्कू आपले अंडे घालून जातो. (शोधण्याच्या भरात मुलांनी घरट्यात हात घालू नये, हे आधीच बजावावे.)

हिवाळ्यात गोंधळ होतो. उत्तरेकडून साधा गप्पीदास येतो आणि त्याच कुंपणावर बसतो. त्याची छाती नारिंगी असते, एवढे पुरे.

आता आमचीच एक चूक. शाळेमागच्या 'रिकाम्या' माळावर आम्ही मोठ्या उत्साहाने ग्लिरिसिडिया लावला. झाडे जगली, आम्हाला शाबासकी मिळाली. काही वर्षांत फांद्यांना फांद्या भिडल्या, खालचे गवत गेले आणि वाळक्या पानांचा थर साचला. माळावरची गप्पीदासाची जोडी रस्त्याकडेच्या कुंपणावर गेली. तिची काळजी नाही. इराण-मध्य आशियापासून न्यू गिनीपर्यंत पसरलेला हा पक्षी शेतांच्या बांधावरही निभावतो. प्रश्न होता तो जमिनीवरच घरटे करणाऱ्या चंडोलांचा आणि धाविकांचा, ज्यांना बांध पुरत नाही. आम्ही त्यांच्याकडे पाहिलेच नव्हते. दोष केवळ आमचा नाही. केंद्र सरकारने २००० साली पहिल्यांदा काढलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही झुडपी माळ 'पडीक'मध्येच मोडतात.

माळाचा उरलेला तुकडा तसाच ठेवून आम्ही मुलांना वही दिली: येथे कोण बसते, कोण पळते, कोण घरटे करते. पहिल्या पानावर गप्पीदास होता. पाऊस सुरू होईपर्यंत टिटवी, चंडोल, सरडे आणि चरायला येणाऱ्या शेळ्याही तीत आल्या. त्या वर्षीची रोपे आम्ही रस्त्याच्या कडेला लावली.