वरखाली सरकणारी खिडकी

हिंगोलीहून पूर्णा किंवा अकोल्याकडे जाणाऱ्या आगगाडीत साध्या डब्यात बसलात, तर खिडकीची झडप नीट पाहा. ती दारासारखी उघडत नाही, वर सरकते. ती उचलायला बराच जोर लागतो. खटका नीट अडकला नाही, तर ती धाडकन खाली येते आणि बोटे चेंगरतात. झडपेचा सारा भार खटक्यांवरच असतो ना!

इंग्लंडमधील घरांना सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अशा वरखाली सरकणाऱ्या खिडक्या बसवू लागले. त्या मात्र एका हाताने सरकतात आणि सोडू तेथे थांबतात. हे कसे घडते?

थोडे गणित करू. १ मीटर रुंद, ६० सेंटिमीटर उंच व ४ मिलिमीटर जाड काच घ्या. काचेच्या १ घनसेंटिमीटरचे वजन सुमारे २.५ ग्रॅम असते. म्हणजे ही काच ६ किलोग्रॅमची झाली. तिच्याभोवतीची लाकडी चौकट ४ किलोग्रॅमची धरली, तर तावदान १० किलोग्रॅमचे होईल. त्याच्या दोन्ही बाजूंना दोरी बांधतात. प्रत्येक दोरी वरच्या कप्पीवरून खिडकीच्या पोकळ बाजूपट्टीत सोडतात आणि तिच्या टोकाला ५ किलोग्रॅमचे लोखंडी वजन टांगतात. तावदान वर जाते, तेव्हा वजने खाली येतात. दोन्हीकडचे भार सारखे असल्याने आपल्याला फक्त घर्षणावर मात करावी लागते. तेच घर्षण तावदानाला जागच्या जागी धरूनही ठेवते. दोरी झिजून तुटली, तर मात्र हा तोल बिघडतो. म्हणून दोऱ्या वेळोवेळी तपासाव्या लागतात. अलीकडे वजनांऐवजी स्प्रिंगही वापरतात.

काही खिडक्यांत अशी दोन तावदाने असतात. वरचे थोडे खाली आणि खालचे थोडे वर सरकवले, की दोन फटी मिळतात. गरम हवा हलकी असते. ती वरच्या फटीतून बाहेर जाते आणि तिची जागा घ्यायला खालून थंड हवा आत येते. आपल्या भागात उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. अशा दिवशी रात्री बाहेरची हवा निवल्यावर दोन फटींची ही युक्ती फार उपयोगी पडते.

त्यासाठी नवी खिडकीच हवी असे नाही. वारा पडलेला असताना रात्री तापलेल्या खोलीचे दार किलकिले करा. पेटलेली उदबत्ती आधी उंबऱ्याजवळ व मग दाराच्या वरच्या कडेशी धरा. धूर कोठे आत येतो आणि कोठे बाहेर जातो, ते पाहा. मग सांगा, तुमच्या वर्गात झरोका कोठे असावा?